तळवेबाबाचं लाल पाणी

दर मंगळवारी सकाळी दहाच्या आत आमच्या गावच्या शाळेमागचा मांडव भरून जायचा. आर्णीहून, ढाणकीहून, कुठून कुठून लोक येत, एकेका दुचाकीवर तिघं तिघं. कोणाच्या टाचा भेगांनी फाटलेल्या, कोणाची नखं जाड होऊन काळी पडलेली, कोणाच्या बोटांत चिखल्या, कोणाच्या तळव्याला कुरूपासारखी भोवरी. वावरात अनवाणी राबणाऱ्यांचे पाय असेच असतात.

मांडवात पाच निळे टब होते. टबात गरम पाणी, पाण्यात भोकांचा एक डबा, डब्यातून निघालेल्या दोन वायरी बॅटरीला जोडलेल्या. माणूस पाय बुडवून बसला की पाच मिनिटांत पाणी पिवळं व्हायचं, दहा मिनिटांत लाल, आणि मग वर तपकिरी फेस धरायचा.

"पाहा!" तळवेबाबा ओरडायचा. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षाची माळ. "दहा वर्षं कपाशीवर फवारणी केली ना, माउली? जहर नाकातोंडानं आत गेलं. जहर जड असतं. जड वस्तू कुठे जाते? खाली! तळवा म्हणजे शरीराची मोरी आहे. दवाखानेवाले गोळ्या देऊन मोरी बुजवतात. मी मोरी उपसतो!"

फवारणी करताना माणसं दगावल्याचं आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे त्याचं बोलणं लोकांच्या पोटात भीतीसारखं उतरायचं.

"माह्या पायातून तर गेरूच निंगाला राजेहो!" गावचे विठ्ठलराव टबात बोट घालून म्हणायचे.

"तुमच्या पायातून कायले? तुमच्या डोक्यातून निंगाला असन," मागून कोणीतरी बोलायचं. लोक हसायचे आणि रांगेत उभे राहायचे.

मांडवाच्या खांबाला एक मोठा स्पीकर होता. बाबाला धाप लागली की त्यावर एक आवाज सुरू व्हायचा. "मी इंद्रजित, फवारणी पंप दुरुस्तीवाला. माझ्या बायकोच्या पायातलं सारं जहर निघालं. सातव्या दिवशी पाणी निवळ झालं."

तो आवाज माझा होता. माझी बायको कौसल्या वारली, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते.

आमच्या घरात बुवा-बाबाला थारा नाही. बापानं कधी कोणाचा गंडा बांधू दिला नाही. या माणसानं नुसतं देवाचं नाव घेतलं असतं तर मी त्याच्या मांडवाकडे फिरकलो नसतो. पण त्यानं बॅटरी दाखवली, वायरी दाखवल्या. मी मशीनवाला माणूस, मशीन पाहून फसलो.

कौसल्याला शुगर होती. पायाच्या भोवरीला तिनं घरीच ब्लेडनं कापलं. जखम झाली, ती भरेना. मी तिला इथे घेऊन आलो. बाबानं शुगरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. गोळ्यांनी जहर दबतं म्हणे. जखमवाल्यांना तो मंगळवारची वाट न पाहता सात दिवस रोज बसवायचा. पहिल्या दिवशी पाणी रक्तासारखं लाल. मग रोज थोडं फिकं. सातव्या दिवशी स्वच्छ. "दुखते का?" मी विचारलं. "काहीच नाही दुखत," ती म्हणाली. त्याच आनंदात मी बाबाच्या कॅमेऱ्यासमोर बोललो. पुढच्या अकरा दिवसांत पाय घोट्यापर्यंत काळा पडला. यवतमाळला नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "शुगरनं पाय बधिर झाला होता. दुखणारच नाही. आठ दिवस आधी आणलं असतं तर..."

बाबा माझ्या घरी सांत्वनाला आला. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जहर तर आपण काढलं होतं. आयुष्य तेवढंच होतं." मी गप्प बसलो. स्पीकरवरचं बोलणं खोटं म्हणायचं, तर बायकोला मीच मारलं म्हणावं लागणार होतं.

महिनाभरानं बाबाचा ड्रायव्हर माझ्या दुकानात आला. "इंद्रजितभाऊ, डबा चालून नाही राह्यला." मी डबा उघडला. आत लोखंडी तारेची दोन वेटोळी होती. त्यातलं एक खाऊन खाऊन सुईएवढं झालेलं. नवी तार बसवली आणि चालते का पाहायला बादलीत सोडली. साध्या पाण्यात काही झालं नाही. मूठभर मीठ टाकलं. दहा मिनिटांत बादली लाल.

बादलीत कोणाचाच पाय नव्हता.

पंपाच्या बॅटरीची वायर खाऱ्या पाण्यात पडली की लोखंड गंजून झिजतं, हे मला वीस वर्षांपासून माहीत होतं. मग आठवलं. पहिल्या दिवशी बाबानं कौसल्याच्या टबात 'दिव्य क्षार' म्हणून चार चमचे टाकले होते. नंतर तीन, दोन, एक. सातव्या दिवशी काहीच टाकलं नव्हतं.

हे कळूनही मी तीन आठवडे तोंड उघडलं नाही. मंगळवारी दुकान बंद करून घरात बसायचो. स्पीकरवरचा माझा आवाज तरी यायचाच.

चौथ्या मंगळवारी तेल आणायला बाहेर पडलो, तर मांडवाच्या रांगेत माझी साळी सुजाता दिसली. कौसल्याची धाकटी बहीण. बहिणीसारखीच शुगर. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"तू इथं काहून आली?"

"भाऊजी, नख बोटात घुसलं. पिकलं आहे. तुमचाच व्हिडिओ पाहून आली ना मी."

"गोळ्या?"

"परवापासून बंद केल्या. बाबानं फोनवर सांगतलं."

तिला हाताला धरून ओढत नेली असती तर ती पुढच्या मंगळवारी पुन्हा आली असती. मी रांग ओलांडून सरळ पहिल्या टबापाशी गेलो.

"बाबा, हा टब रिकामा चालवा. कोनीच पाय ठेवाचा नाही."

बाबा हसला. "रिकामी मशीन जळते, इंद्रजितराव."

"जळत नाही. मीच दुरुस्त केली ते."

लोक जवळ सरकले. बाबानं आवाज चढवला, "बायको गेल्यापासून यांचं चित्त थाऱ्यावर नाही, माउली! यांना बसवा." दोघांनी माझे दंड धरले.

"थांबा ना बे," विठ्ठलराव म्हणाले. "रिकामा टब चालवाले काय जाते? पाहू तरी."

मी त्याच्याच बरणीतून चार चमचे क्षार टाकले आणि वायरी जोडल्या. स्पीकरवर माझाच आवाज माझ्या बायकोला बरी झाली म्हणत होता. पाणी पिवळं झालं. मग लाल. मग फेस.

विठ्ठलराव वाकून पाहत राहिले. "पान्यानं कोन्त्या वावरात फवारनी केली बे?"

मी डबा वर काढून उघडला, गंजलेली तार सगळ्यांना दाखवली. "हा गंज आहे. मीठ जास्त तं लाल जास्त. मीठ बंद तं पानी निवळ. पायातून काहीच निंघत नाही."

बाबा म्हणाला, "मग तुमच्या बायकोचं सांगा ना! कॅमेऱ्यासमोर तुम्हीच बोलले!"

सुजाता माझ्याकडे पाहत होती. "भाऊजी, ताईचं पानी तं साफ झालं होतं ना?"

"झालं होतं. ताई नव्हती बरी झाली. मी सात दिवस टबातलं पानी पाह्यलं, सुजाता. तिचा तळवा एकदाही उलटा करून नाही पाह्यला." एवढं बोलायला मला दोन महिने लागले होते.

मी तिथेच खाली बसलो आणि तिचा पाय धरला. तिनं झटक्यात मागे घेतला. "भाऊजी! पायाले हात नका लावू, मले पाप लागन!"

"लागू दे."

अंगठ्याचं नख कोपऱ्यात रुतून पू धरला होता. पण टाचेजवळ त्याहून वाईट होतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या खुंटाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आत शिरलेला, भोवती कातडी पांढरी पडलेली.

"हे कधी लागलं?"

"काय लागलं?" ती म्हणाली. तिला माहीतच नव्हतं.

रांगेतल्या बायका वाकून पाहू लागल्या. मग एकीनं आपल्या सासूला खाली बसवलं आणि तिचा पाय उलटा केला. दुसरीनं नवऱ्याचा. बाबाकडे कोणी पाहत नव्हतं. त्यानं बॅटऱ्या गाडीत कधी भरल्या, तेही कळलं नाही.

सुजाताला मी तसाच आर्णीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. खुंट निघाला, नखाचा कोपरा डॉक्टरनं काढला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पाय वाचला. टाच भरायला दीड महिना लागला.

पायाला मंत्र लागत नाही, मशीनही लागत नाही. साध्या पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. टाचेच्या भेगांना तेल लावा, बेचक्यांत लावू नका. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. भोवरीला ब्लेड लावू नका. वावरात चप्पल नको, बूट घाला. शुगर असेल तर पाय गरम पाण्यात बुडवू नका, पाय बधिर असला की भाजलेलंही कळत नाही. जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्याकडे नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही, आणि ती लावू देत नाही. कौसल्याही पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. मला तेच बरं वाटायचं. तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर त्याचा पाय आज मांडीवर घ्या, उजेडात धरा आणि तळवा नीट पाहा. ते नाही म्हणेल. तरी पाहा.