पहिल्या घाण्याचं मीठ

दाराला पहिली लाथ बसली तेव्हा हुसेन शेगडीच्या नळीत अडकलेला भज्यांचा जळका चुरा तारेने काढत होता. दुसऱ्या लाथेला कडी उडाली आणि सादिक आत शिरला. त्याच्यामागे पाचसहा जण होते, तोंडाला मफलर गुंडाळलेले. एकाच्या हातात फावड्याचा दांडा होता.

"बघा," सादिक म्हणाला. "मी काय बोललो होतो? ताटली पन हाय."

ताटली होतीच. तिच्यात काळपट, तेलकट चुरा पडला होता आणि खोलीभर कांदाभज्यांचा वास कोंदला होता. बाहेर रमजानची दुपार होती. सकाळपासून डोंगर फोडून आलेल्या माणसांच्या घशाला कोरड पडली होती आणि रोजा सोडायच्या मगरिबला अजून बराच वेळ होता.

जबल अख्दरच्या डोंगरावर डिसेंबरात बादलीतलं पाणी गोठतं, हे ओमानच्या उन्हात भाजून निघालेल्या माणसाला सांगून पटत नाही. कंपनीलाही ते पटलं नव्हतं. नव्याण्णव साली तिने रस्त्याच्या कामावरची माणसं वर चढवली, पत्र्याच्या खोल्या दिल्या, प्रत्येकी एक कांबळं दिलं आणि डिझेलच्या टाकीला कुलूप ठोकलं. डिझेल यंत्रांसाठी, माणसं काय, कुडकुडतील.

हुसेन कँपचा खानसामा. जयगडचा, जन्मभर बोटींवर रांधत आलेला. त्याच्या खोलीत रोलरवाला गुलजार राहायचा. गुलजारची छाती आठवडाभर वाजत होती. दोन कांबळी घालूनही त्याचे दात थांबेनात, तेव्हा हुसेनने पत्र्याच्या जाड डब्याची शेगडी केली. वर तेलाचा डबा टांगला, त्यातून तांब्याची नळी काढली, धुराडं मागच्या खिडकीतून बाहेर सोडलं. इफ्तारची भजी तळून उरलेलं, एरवी खडकांवर ओतून टाकायचं तेल तो गाळून त्यात घालायचा. ते थेंबाथेंबाने तापल्या लोखंडावर पडायचं आणि झकास जळायचं. खोलीत ऊब यायची. खोड एकच. काल त्या तेलात जे तळलं, त्याचा वास आज कँपभर सुटायचा.

फोरमन फेबियन वसईचा. त्याने शेगडी पाहिली आणि म्हणाला, "मी काय बघितलं नाय, हां चाचा." रमजानात हुसेनला मीठ चाखता येत नसे, म्हणून रोज पहिल्या घाण्यातलं एक भजं फेबियन खायचा आणि कमी-जास्त सांगायचा. चाळीस रोजेदारांच्या जेवणाचं मीठ एका ख्रिस्तावाच्या जिभेवर चाललं होतं आणि कोणाची तक्रार नव्हती.

बाकी कोणाला हुसेनने शेगडीचं सांगितलं नाही. तेल एकाच शेगडीपुरतं होतं; कळलं असतं तर सगळ्यांनी मागितलं असतं. दार लावून घ्यायचं आणि गप्प राहायचं, हे त्याने ठरवलं आणि तिथेच त्याचं चुकलं. उपाशी माणसांनी चार दुपारी तो वास घेतला. पाचव्या दुपारी फेबियन सामान आणायला खाली निझवा शहरात उतरला आणि त्यांनी दार फोडलं.

"रोजा हाय माझा," हुसेन म्हणाला.

"मग ह्यो चुरा कोनी खाल्ला? जिनांनी?"

"खाल्ला नाय. तेलाच्या नळीतला..."

सादिकचा ठोसा तोंडावर बसला आणि पुढचे शब्द दातांबरोबर आत गेले. हुसेन खाली पडला. कोणीतरी बरगड्यांत लाथ घातली, मग दुसऱ्याने, मग कोण घालतंय ते कळेनासं झालं. पन्नाशीचा माणूस, ज्याच्या हातचं ही पोरं महिनाभर खात होती. पण पोटात आग पडली की माणसाला मारायला कोणीतरी लागतं, आणि कंपनीचा साहेब काही हाताशी नव्हता.

"लपून खातोस ना? आता आमच्यासमोर खा."

सादिकने ताटलीतला चुरा मुठीत घेतला. दोघांनी हुसेनचा जबडा धरला. हुसेनने घसा आवळून धरला होता, मार सोसत नुसता घसा आवळून. पण तोंडात रक्त आलं होतं, श्वास कोंडला होता, आणि त्याला कळलं की थोडं खाली गेलं. इतक्या लाथा बसल्या तरी तो रडला नव्हता. आता रडला.

"सोडा रे त्याला," म्हणत गुलजार खाटेवरून उठला. तोंडातून आवाजही नीट निघत नव्हता. फावड्याच्या दांड्याने कोणीतरी त्याला मागे ढकललं. तो शेगडीवर गेला, टांगलेला तेलाचा डबा घेऊन खाली आला. शेगडीचं लोखंड अजून लाल होतं; तेल पेटलं. गालिचा पेटला. गुलजारची शाल पेटली.

"पानी टाकू नका," हुसेन ओरडला, पण नमाजाआधी हातपाय धुवायची वजूची बादली रिकामी झालीच. आग छपरापर्यंत उसळली. सादिकच्या भुवया गेल्या, दोघे किंचाळत बाहेर पळाले. हुसेनने स्वतःचं कांबळं गुलजारवर टाकलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. हात जळत होते तरी उचलले नाहीत.

मग सगळे बाहेर धुक्यात उभे राहिले. गुलजार दगडांवर निजवलेला. जळक्या गालिच्यातून, शालीतून, हुसेनच्या हातांतून सगळीकडून भज्यांचा वास येत होता. कोणी काही तळलं नव्हतं. हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

फेबियन आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "कोणी?"

"मी," सादिक म्हणाला.

फेबियनने त्याला दमेपर्यंत मारलं. सादिकने हात वर केला नाही.

गुलजार निझव्याच्या इस्पितळात ईदच्या आधी वारला. तापाने गेला, धुराने की भाजल्याने, ते कोणी विचारलं नाही. विचारून उत्तर कोणाला हवं होतं?

ईदनंतर, सगळे जेवतखात असताना हुसेनने एक रोजा धरला. सादिकला ते कळलं तेव्हा तो मतबखच्या, कँपच्या स्वयंपाकघराच्या, दारात येऊन उभा राहिला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच तिथे आला होता.

"चाचा, जबरदस्तीने तोंडात घातलं तर रोजा तुटत नाय बोलतात."

"तुटला का नाय, ते अल्लाला ठाव," हुसेन म्हणाला. "माझ्या घशाखाली चुरा गेला होता. मी भरून काढतंय."

त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. झारा मनगटात अडकवून तो भजी काढत होता. पहिला घाणा निघाला. फेबियन सवयीने पुढे आला, पण हुसेनने झारा त्याच्यासमोरून नेला आणि सादिकपुढे धरला.

"मीठ बघ."

सादिकने भजं उचललं. वास नाकात गेला तशी त्याची मान फिरली. पण हुसेन झारा मागे घेईना. शेवटी सादिकने ते तोंडात घातलं, बराच वेळ चावत राहिला आणि मोठ्या कष्टाने गिळलं.

"कमी हाय," तो म्हणाला.

"किती?"

"चिमूटभर."

हुसेनने आपल्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं. त्यांत चिमूट मावत नव्हती.

"मग घाल," तो म्हणाला, आणि मिठाचा डबा कोपराने सादिककडे सरकवला.