अक्काची कोसंबरी

"ही डबी कशाची गं, वेदा?" भिजलेली मूगडाळ चाळणीत उपसता उपसता तुंगाक्काने विचारलं.

ओट्यावर, काकड्यांच्या शेजारी, वेदवतीने झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी ठेवली होती. असल्या डब्या तिने आयुष्यभर हाताळल्या होत्या, पण घरी आणलेली ही पहिलीच.

"अक्का, उद्या सकाळी तुझा शौचाचा नमुना पाहिजे मला."

अक्का बघतच राहिली, मग खो खो हसली. "अय्यो रामा! साऱ्या मैसूरची घाण बघून झाली, आता घरची राहिली होय? मला काय धाड भरलीय?"

"काही नाही झालेलं. सुम्ने, असंच बघायचंय."

"असलं सुम्ने कोण बघतं गं?"

"आणि अक्का... उद्याची देवळातली कोसंबरी दुसऱ्या कुणाला तरी करू दे."

चाळणीतला हात थांबला. अक्काने वर पाहिलं. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

वेदवती शहरातल्या एका हॉस्पिटलात जंतुशास्त्रज्ञ होती. उमेदीची सगळी वर्षं तिने पोटाच्या रोगांच्या तपासात घालवली होती. रोग बरा करणाऱ्या डॉक्टरला लोक देव म्हणतात. रोग्यांची विष्ठा काचेच्या ताटलीत पसरून तिच्यातला चोर पकडणाऱ्या बाईचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नसतं. नात्यातले लोक तिला 'घाणीची डॉक्टर' म्हणून चिडवत. ती चिडत नसे. ती या कामाला लागली ती आईमुळे. ती लहान असताना घरात टायफॉइड शिरला. आई गेली, थोरली बहीण अक्का वाचली. तापातून उठलेल्या त्या कोवळ्या पोरीने चूल हातात घेतली, धाकटीला वाढवलं, शिकवलं, आणि त्या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच.

अक्काचं वैभव एकच, तिच्या हाताची चव. अग्रहार या त्यांच्या वस्तीतल्या मराठी शिंपी मंडळींच्या विठ्ठलमंदिरात द्वादशीचं जेवण असो की रामनवमीचं गुळाचं पानक, कोसंबरी अक्काचीच लागायची. भिजवलेली डाळ, काकडी, खोबरं, लिंबू, वर मोहरीची फोडणी. शिजवायचं काहीच नाही, सगळं हाताने कालवायचं. "चव हातात असते, डावात नसते," असं अक्का म्हणायची, आणि कोपरापर्यंत हात घालून कालवायची.

अग्रहारातून अधूनमधून टायफॉइडचे रुग्ण येतात, हे वेदवतीला फार दिवस खटकत होतं. पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. आणि तो जंतूही विचित्र होता. हल्लीचे जंतू निम्म्या औषधांना भीक घालत नाहीत; हा मात्र जुन्या काळातला, प्रत्येक औषधापुढे मान टाकणारा. इतकी वर्षं हा होता कुठे? हे कोडं तिला सुटत नव्हतं. मग रक्षिता आली. त्यांच्याच गल्लीतली, बारावीची मुलगी. घरच्यांनी दुकानातल्या तापाच्या गोळ्यांवर दिवस काढले आणि आणली तेव्हा आतडं फाटलेलं होतं. ती गेली. हॉस्पिटलच्या जिन्यात तिची आई शांता वेदवतीचा हात धरून कन्नडमध्ये एकच म्हणत राहिली, "मॅडम, माझी पोर बाहेरचं काही खात नव्हती हो. घरचं, नाहीतर तुमच्या देवळातली कोसंबरी."

त्या संध्याकाळी लॅबमधून निघताना वेदवतीने एक रिकामी डबी पिशवीत टाकली.

नमुना लावल्याच्या तिसऱ्या दिवशी अक्काच्या नावाच्या काचेच्या ताटलीवर जंतूंचे काळे ठिपके उगवले. वेदवतीने पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. औषधांची चाचणी लावली. तोच जुना, भित्रा जंतू. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तिने शिकाऊ मुलांना कितीदा ऐकवली होती. आईला घेऊन गेलेला ताप अक्काला सोडून गेला असं सगळ्यांनी मानलं होतं. तो गेलाच नव्हता. अक्काच्या पित्ताशयात बिऱ्हाड करून तो मुकाट्याने राहिला होता, तिला जराही त्रास न देता. वेदवती रोज त्याच हातचं जेवत होती, पण लॅबमधल्या माणसांना लस घ्यावी लागते, म्हणून तिला काही झालं नाही आणि म्हणूनच तिला कधी शंकाही आली नाही. त्या दिवशी तिला स्वतःच्या विद्येचा वीट आला.

घरी येऊन तिने अक्काला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर अक्का म्हणाली, "म्हणजे ती शांताची पोर... माझ्या हातानं?"

"तसं नक्की सांगता येत नाही, अक्का."

"बिडू, सोड, वेदा. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी अक्का उठून देवळात गेली आणि मंडळींसमोर आपल्या तोंडाने सगळं सांगून आली. वेदवती नको नको म्हणत होती. "उद्या आणखी एखादी पोर गेली तर?" एवढंच अक्का म्हणाली. मंडळाचे प्रमुख तुकोजीराव भला माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, तुम्ही नुसतं खुर्चीवर बसून सांगत जावा. बायका करतील," ते म्हणाले. अक्का एकदा तशी बसलीही. बायका तिच्याशी गोड बोलल्या, पण पाण्याचा तांब्या तिच्यापासून लांब सरकवून ठेवला. अक्का पुन्हा गेली नाही.

रक्षिताची आई भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती आली नाही. तिने फक्त त्यांच्या दारावरून जाणं सोडलं. बाजाराला जायला लांबच्या रस्त्याने वळसा घालू लागली.

अक्काचं पित्ताशय काढलं. आत खडे निघाले. औषधं झाली, आणि नंतर महिन्या-महिन्याने घेतलेले सगळे नमुने निर्मळ निघाले. शेवटचा रिपोर्ट वेदवतीने स्वतः सही करून देवळात नेऊन दाखवला. तुकोजीरावांनी तो वाचला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "विठ्ठलाची कृपा. पण ताई, लोकांच्या मनाला औषध कुठलं?"

वेदवती त्यांच्यावर रागावून घरी आली. माणसं शिकली, आणि विटाळ तेवढा घट्ट धरून बसली, असं ती त्या दिवशी अक्काला तावातावाने म्हणाली.

रामनवमी आली. देवळातून ढोलकी ऐकू येत होती. दोघी घरीच होत्या. मग अक्काने हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि वर्षभराने पहिल्यांदा कोसंबरी कालवली. पितळेच्या वाटीत भरून वेदवतीपुढे ठेवली.

"देवळात नाही तर नाही. तू तरी खा."

लिंबाचा, ओल्या खोबऱ्याचा तोच वास. त्या वाटीत काहीही नाही, हे उभ्या जगात सर्वांत पक्कं ठाऊक असलेलं माणूस वेदवतीच होती. तिने हात पुढे केला. पण तो वाटीपाशी थांबला. क्षणभरच. डोळ्यांपुढे काळे ठिपके येऊन गेले, बाकी काही नाही. लगेच तिने मोठा घास घेतला, मग दुसरा, मग वाटी पुसून खाल्ली.

"अक्का, अगदी तीच चव बघ! आणखी आहे?"

अक्का तिच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, लहानपणी ताप उतरला का म्हणून कपाळाला हात लावून बघायची, तसं.

"आहे की," ती म्हणाली. "मीठ स्वल्प कमी पडलं, नाही?"

"मुळीच नाही."

अक्काने वाटी उचलली, पण पुन्हा भरली नाही. तशीच घासून, पुसून, फडताळात मागे ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी वेदवती कामावरून आली तेव्हा अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. ओट्यावर तांदूळ निवडून ठेवलेले, भाजी न चिरलेली.

"ये. आजपासून तू कर, मी सांगते," अक्का म्हणाली. "आधी हात धू."

वेदवतीने हात धुतले. अक्का एकेक सांगत गेली, डाळ किती, चिंच किती. बोलताना हातवारे करायची तिची जन्माची सवय. पण त्या दिवशी तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.