खर्जाची पेटी

गाड्यांत स्पीकर बसवणाऱ्या किरिनोने खर्जाच्या स्पीकरची तिसरी पेटी दोन्ही हातांनी उचलून आंब्याखाली आणली आणि तिच्या तारा मोटारीच्या बॅटरीला जोडल्या.

"ही बंद नाही, हिला श्वास घ्यायला तोंड ठेवलंय," तो म्हणाला. "ही लावलीस ना यानिल्दा, तर साऱ्या नावारेते गावातल्या गाड्यांचे अलार्म बोंबलत सुटतील."

"मला गाव उठवायचं नाहीये. बाबांना त्यांचं वाजवणं ऐकवायचंय."

किरिनोकडे लोक यायचे ते शेजाऱ्याच्या खिडक्या हादरवायला. ही मात्र बापाला, एलाडिओला घेऊन आपल्या गाडीसाठी खर्जाचा सबवूफर निवडायला आली होती, आणि गाणंही घरूनच आणलं होतं. एलाडिओच्या, मेरेंगे नाचगाणी वाजवणाऱ्या मंडळींचं ते एकुलतं एक ध्वनिमुद्रण, यानिल्दाच्याच वयाचं, सव्वीस वर्षांचं. त्यात एलाडिओ मारिम्बुलावर होता. घरच्या रेडिओवर अकॉर्डियन ऐकू यायचं, ढोल ऐकू यायचा. मारिम्बुलाचा खर्ज त्या टीचभर कर्ण्यात कुठला मावायला! बापाचं वाजवणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. आणि आता बापाचे कान चालले होते. डॉक्टरांनी फार तर वर्षभराची मुदत दिली होती.

त्याआधी पहिल्या पेटीचे ठोके नेटके पण कोरडे आले होते, तेव्हा एलाडिओने खुर्चीतूनच हात झटकला. दुसरी नुसतीच घुमली.

"पोत्यात बोकड कोंबलाय," तो म्हणाला.

तिसरी वाजू लागली. एलाडिओने तिच्याकडे टक लावून पाहिलं, उठला, आणि सावकाश येऊन थेट तिच्यावर बसला.

"अहो काका, ती खुर्ची नाही! कोरी आहे अजून!"

पण मारिम्बुला म्हणजे तरी काय, भोक पाडलेली लाकडी पेटी. तिच्यावर बसायचं आणि गुडघ्यांमधून हात सोडून लोखंडी पट्ट्या छेडायच्या. एलाडिओचे गुडघे आपसूक फाकले, उजवा हात खाली गेला आणि बोटं कोऱ्या लाकडावर चालू लागली. डोळे मिटले होते. तंबाखूच्या वखारीकडून गोडसर वारा येत होता, आणि सगळी दुपार पाण्याखाली गेल्यासारखी मंद हलत होती. यानिल्दा त्या बोटांकडे बघतच राहिली.

"भोक लहान आहे," एलाडिओ डोळे न उघडता म्हणाला. "दोन बोटं वाढव."

"काका, हे माप कॉम्प्युटरने काढलंय."

"मग त्याला म्हणावं, ये, बस इथे."

यानिल्दा खुदकन हसली. बिघडलं तर मला सांगू नका, असं पुटपुटत किरिनोने भोक कापून मोठं केलं. एलाडिओ पुन्हा बसला. आवाज वाढला नाही, पण जवळ आला. उभ्या असलेल्या यानिल्दालाही तो टाचांत जाणवला. हा आपला बाप, तिला वाटलं.

गाण्याच्या मध्यावर एलाडिओची बोटं थांबली.

"इथे घाई झाली," तो म्हणाला.

ती घाई गावाला ठाऊक होती. तिच्यापायीच मंडळींनी त्याला काढलं आणि विजेच्या गिटारवाला आणला.

"प्यायला होतात म्हणे," किरिनो चाचरत म्हणाला. "सगळे म्हणतात."

"म्हणू देत." एलाडिओने थांबलेली बोटं लाकडावर टेकवली. "दवाखान्यातून निरोप आला होता. हिच्या आईला बाळंतपणासाठी आत नेलं होतं. तेवढं गाणं उरकून पळायचं होतं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?" यानिल्दाने विचारलं.

"काय सांगू? मला काढलं तेव्हा चार दिवसांचं पोर तू. खापर तुझ्या डोक्यावर फुटलं असतं. पोरगी आली आणि बापाचा हात गेला, असं म्हणाले असते."

पाठ वळवून यानिल्दाने नाक पुसलं आणि ती पेटीपाशी आली.

"सरका जरा, बाबा."

तो सरकला. ती शेजारी टेकली आणि तिने किरिनोला गाणं पुन्हा लावायला सांगितलं. ठेका खालून वर येत राहिला, शांत, भरवशाचा. मग ती जागा आली, आणि एक ठोका अर्धी मात्रा आधीच धावत आला. यानिल्दा मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

किरिनोने गाणं संपू दिलं.

"मग हीच बसवू डिकीत?"

"हीच," यानिल्दा म्हणाली. "पण डिकीत नको. मागची सीट काढ. बाबा हिच्यावरच बसतील."