पुरावा नसलेला तुरा

"मान हलवू नकोस. वादी ताणून बांधायची आहे मला."

"मी कुठे हलवतोय, एतेल? तीच हलतेय."

खरं होतं ते. व्हेंडेलच्या मानेचे मणके झिजलेत. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, दातवाल्यांनी नव्हे, बजावून सांगितलं होतं की दीड किलोचं लोखंड डोक्यावर घेऊन उन्हात मिरवायचं हे शेवटचं वर्ष. म्हणून तर पथकाला एवढी वर्षं न सुचलेलं सुचलं होतं. यंदाच्या रोमन जत्रेत तुरा लावून सगळ्यांच्या पुढे व्हेंडेलनं चालायचं. आजवर तो तिसऱ्या रांगेतला साधा शिपाई. तुरा अधिकाऱ्यालाच, असा पथकाचा नियम.

हे पथक म्हणजे काय विचारू नका. सोमवार ते शुक्रवार दात उपटणारे, गाड्या विकणारे, पोस्टात शिक्के मारणारे बाप्ये शनिवारी लोकरीचे झगे घालतात आणि सोळाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सैन्याची नक्कल करत नदीकाठानं चालतात. पाय दुखले की बिअर पितात. माझा नवरा जन्मभर लोकांच्या घरी गरम पाण्याचे नळ दुरुस्त करत हिंडला, कुणी त्याचं नाव विचारलं नाही. इथं निदान ढाल तरी मिळाली, म्हणून मीही झगे शिवून दिले. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे मी पदरचं घालते.

पण तुरा मात्र सुरेख झाला होता. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला शेजारीपाजारी हंस कापतात. त्या सगळ्यांच्या अंगणातून मी पिसं गोळा केली. लिंडनच्या लाकडाची पट्टी घेऊन व्हेंडेलनं तिला खाच पाडली, सरसात एकेक पीस बसवलं, खालून खुंट्या ठोकल्या. हिवाळाभर माझ्या सूपमध्ये पिसं सापडत होती. त्या काळची शिरस्त्राणं दोन अर्ध्या वाट्या जोडून केलेली, आणि जोडावर कपाळापासून मानेपर्यंत लोखंडाचा उभा कणा. त्या कण्यावर तुरा बसला आणि माझा वाकलेला म्हातारा वीतभर उंच दिसायला लागला. मला आवडला, कशाला खोटं बोलू?

पथकाचा मुख्य गेलेर्त. हाच तो दातवाला. तो हात मागे बांधून तपासणीला आला. निघण्याआधी ही तपासणी असतेच. कुणीही कुणाच्याही अंगावरच्या वस्तूकडे बोट दाखवून "पुरावा?" विचारायचं. तशी त्या काळची वस्तू कुठे जमिनीतून निघाल्याचं सांगता आलं नाही, तर ती उतरवायची. या खेळात माझा नवरा सगळ्यांत खट. एकाचा चष्मा त्यानं काढायला लावला होता. तो बिचारा खड्ड्यात पडला.

"वा, व्हेंडेलकाका!" गेलेर्त म्हणाला. "शोभतंय हं."

इथं गप्प बसायचं की नाही? पण शेजारी झोंबोर उभा होता. पथकातला अधिकारी, मोटारींच्या दुकानाचा मालक, पैशाला तोटा नाही. त्याचं शिरस्त्राण थेट हिंदुस्थानातल्या कारखान्यातून आलेलं, आणि त्यावर लालभडक तुरा. नाकापेक्षा मोती जड.

व्हेंडेलनं बोट उचललं. "पुरावा?"

"कशाचा?"

"त्या केरसुणीचा. प्लॅस्टिक आहे ते."

सगळे हसले. झोंबोर त्याच्या तुऱ्यासारखाच लाल झाला.

"बरं! आणि तुमचं काय, काका? तुमचं शिरस्त्राण आपल्या संग्रहालयातल्या शिरस्त्राणाची नक्कल ना? त्याच्या कण्याला तुऱ्यासाठी खाचा कुठायत? माझ्याला आहेत बघा. तुम्ही तर चपलेसारखा वादीनं बांधलाय!"

हसू थांबलं. व्हेंडेलनं शिरस्त्राण काढलं, मांडीवर घेतलं आणि कण्यावरून अंगठा फिरवला. संग्रहालयातलं ते शिरस्त्राण त्याला पाठ होतं. खाचा नाहीत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. दुसऱ्यांच्या अंगावर बोट ठेवणाऱ्याला स्वतःचं डोकं दिसलं नव्हतं. किंवा यंदापुरतं बघायचं नव्हतं.

"त्यात काय एवढं?" गेलेर्त म्हणाला. "माझ्या गाडीत ड्रिल आहे. दोन भोकं पाडू, झाला अधिकारी!"

"नको," व्हेंडेल म्हणाला.

"अरे, दोनच भोकं!" मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"एतेल, ज्याच्या डोक्यावर ते होतं त्याला तुरा नव्हता. साधा शिपाई असणार. मी भोकं पाडली तर ते त्याचं राहणार नाही."

"मेलाय तो! सोळाशे वर्षं झाली! तुझी मान उद्या धरणार आहे का तो?"

व्हेंडेलनं वादी सोडली, तुरा हातात घेतला आणि झोंबोरसमोर उभा राहिला.

"काढ तुझी केरसुणी. खाली वाक."

आणि त्या गाडीविक्यानं खरंच डोकं वाकवलं. माझ्या नवऱ्यानं हिवाळाभर केलेला तुरा स्वतःच्या हातानं त्या खाचांमध्ये बसवला, खुंट्या आतून आवळल्या, एक वाकडं पीस बोटानं सरळ केलं. खाचांत तो चपखल बसला, हेच मला सहन होईना.

"थँक्यू हं, काका," झोंबोर म्हणाला. दात काढून हसलासुद्धा.

"अरे, लाज नाही वाटत?" मी ओरडले. "आणि डॉक्टर, तुम्ही! पिसं लावून कोंबडा पुढे घालताय आणि माणसाला मागे!"

"काकू, पुढे एक तरी तुरा हवा. लोक त्यासाठीच येतात," गेलेर्त म्हणाला. तेवढी त्याची विद्या.

व्हेंडेल तिसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मी लांगोशच्या, म्हणजे तळलेल्या रोटीच्या, गाडीपाशी जागा धरली. मलई आणि चीज बोटांवरून ओघळत होतं. कर्ण्यावरून कुणीतरी झोंबोरचं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. तो मुख्यमंत्र्यासारखा डावीकडे बघून मान हलवी, उजवीकडे बघून मान हलवी, आणि फोटो निघत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती देखणा तुरा!" मी तिला सांगणार होते. सांगितलं नाही. असल्या लोकांना सांगून काय उपयोग?

एवढं डोकं हलवल्यावर व्हायचं तेच झालं. एक पीस निसटलं आणि रस्त्याच्या मधोमध पडलं. पहिली रांग त्याच्या कडेनं गेली, दुसरीही गेली.

मग तिसरी आली. व्हेंडेलची मान ताठ होती. कशी धरली होती त्यालाच माहीत. संचलनात खाली बघायचं नसतं, वाकायचं तर नसतंच. त्यानं पीस बघितलं की नाही, मी छातीठोक सांगू शकत नाही. फक्त तिथं आल्यावर त्याचं एक पाऊल थोडं लांब पडलं.

त्याच्या मागचे सगळे ते तुडवत गेले.