ऐन वैशाखातला बंद कूलर

मित्रांनो, ज्याची चार महिने आरती होते आणि उरलेले आठ महिने ज्याच्या डोक्यावर जुन्या गोधड्यांचे गाठोडे ठेवलेले असते, तो पारोळ्याच्या एका घरातला पत्र्याचा कूलर मी. वय वर्षे अकरा. एक बाजू गंजलेली. स्वभाव पूर्वी शांत होता. आता राहिलेला नाही.

धुळ्याच्या एका लहानशा कारखान्यात हातोड्याच्या घावांखाली माझा जन्म झाला. मला चौकोनी अंग मिळाले, तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत गवत, पोटात पाण्याची टाकी आणि छातीत पंखा. बाहेरचा जाळ आत घ्यावा, ओल्या गवतातून गाळावा आणि माणसांना गारवा करून द्यावा, एवढेच माझे जगणे. त्यात मी कधी कसूर केली नाही. चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा भुंकणे पुढे ढकलतात तेव्हा, या घराची झोप मी एकट्याने सांभाळली आहे. पाहुणे म्हणत, "याच्यापुढे एसी काय करील?" मी ते ऐकून अधिक जोराने घरघरत असे.

या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवडाभर आधी हितेंद्रने मला उतरवले. हितेंद्र या घरचा मुलगा. मोटारी दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. बहीण कामिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत त्याने मला लोखंडी घोडीवर बसवले, नवे गवत भरले, पंख्याला तेल दिले. नव्या गवताचा तो ओला, रानातला वास माझ्या अंगभर पसरला. वाटले, हे वर्ष आपले.

बाळंतपणाच्या सहाव्या दिवशी कामिनी दवाखान्यातून लेकीला घेऊन घरी आली. हितेंद्रचा हात बटणाकडे गेला, आणि त्याच्या आईचा, धुरपदाबाईंचा, आवाज आला:

"ऱ्हाऊ दे ते. बाळंतीणले वारं लागनं ते जलमभर हाडं दुखतस."

खिडकी लागली. पडदा ओढला गेला. खाटेखाली कोळशाची शेगडी आली, कामिनीच्या कानांवरून रुमाल बांधला गेला, ओव्याची धुरी सुरू झाली. बाहेर वैशाख पेटलेला, आत शेगडी पेटलेली, आणि दोन्हींच्या मधोमध मी, कोरडा आणि बेकार. मित्रांनो, तहानलेल्यांच्या दारात उलट्या ठेवलेल्या माठाची लाज तुम्हाला कळेल का?

अपमान एवढ्यावर संपला असता तरी मी गिळला असता. पण हितेंद्रने माझी मागची जाळी नीट लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक भुरी मांजर माझ्या टाकीत शिरली, गवताच्या उरलेल्या चोथ्यात गोल फिरली आणि मला न विचारता व्याली. तीन पिल्ले. बंद डोळ्यांची, ओल्या वातींसारखी. मी यंत्र आहे; मला पाळणा व्हायचे नव्हते. तिचे केस माझ्या पंपात गेले. तिची नखे माझ्या नव्या गवतात रुतली. आणि पात्याखाली ती पिल्ले अशा विश्वासाने झोपली की मला माझ्याच पात्याची धास्ती वाटू लागली.

हितेंद्रला पत्ता नव्हता. रविवारी उकाड्याने बेजार होऊन तो बटण दाबायला आला. धुरपदाबाई अंगणात धुणे वाळत घालत होत्या. त्यांना म्याव ऐकू आले.

"थांब! मझार मांजर व्यायेल शे."

त्याने प्लगच उपटून खिशात घातला. "मग आता हा कूलर कधी लावायचा?"

"तिन्हा बी सव्वा महिना होऊ दे."

सव्वा महिना म्हणजे जून. म्हणजे माझा हंगाम संपला.

मग जे सुरू झाले ते पाहून माझा पत्रा तापला, आणि तो उन्हाने नव्हे. धुरपदाबाईंनी टाकीचे बूच काढले, आत पाट टाकला, पाटावर मऊ लुगडे अंथरले. भुरीला दूधभाकर दिली. दर दुपारी लोटा घेऊन येत आणि माझ्या गवतावर बेताने पाणी मारत, पिल्लांना थेंब लागू न देता. "ऊनमा लेकरे तापतस," असे पुटपुटत. आणि भिंतीपलीकडे त्यांची नात तापत होती. मला तिचे रडणे ऐकू येई. आधी ते लखलखीत होते. मग बारीक झाले. बुधवारी तर फक्त कण्हणे उरले.

त्या दुपारी खिडकी आतून उघडली. गजांपलीकडे कामिनी, घामाने निथळलेली, कडेवर लालसर पुरळाने भरलेले बाळ.

"माय, ही सकाळपासून दूध ओढत नाही."

"खिडकी लाव बाई, वारं..."

"तिच्या पाटाखाली शेगडी का नाही ठेवलीस?"

"कोन्हा पाटखाले?"

"त्या मांजरीच्या. बाळंतीण तीही आहे. कानाला रुमाल बांध तिच्या. ओव्याची धुरी दे."

"ती जनावर शे, कामिनी."

"म्हणून सुटली. तिला उकडलं तर ती उठून जाते. मला तू दार लावून ठेवलंयस."

धुरपदाबाईंच्या हातातल्या लोट्यातून पाणी मातीवर सांडत राहिले. त्यांना ते कळले नाही. मग त्या आत गेल्या. मी गजांतून पाहिले: त्यांनी नातीच्या पोटावर ओला तळवा ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. चिमट्याने शेगडी उचलून अंगणात आणली, निखाऱ्यांवर पाणी ओतले. हितेंद्रला हाक मारली, "रिक्षा आन." तो येईपर्यंत कामिनीचा रुमाल सोडला, पडदा काढला आणि माझ्या तिन्ही जाळ्या भिजवल्या.

मित्रांनो, माझा पंखा तेव्हाही बंदच होता. पण पश्चिमेचा वारा सुटला होता. तो माझ्या ओल्या गवतातून शिरला, तीन पिल्लांवरून गेला आणि खोलीत पोचला. बाळाने दोनदा तोंड फिरवले, तिसऱ्यांदा आईला धरले. दवाखान्यात डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतले, एवढेच. "शरीरात पाणी कमी झालं होतं," ते म्हणाले. "खोली मोकळी ठेवा."

आता खिडकी उघडी असते. धुरपदाबाई दिवसातून पाचदा लोटा घेऊन येतात. माझी मोटार, माझी घरघर, माझी अकरा वर्षांची कीर्ती, कोणाला काही नको आहे. मी नुसता ओल्या गवताचा एक पडदा झालो आहे, आणि भुरी माझ्यात पाय ताणून झोपते. मी चिडलेलो आहे, आणि चिडलेलाच राहणार.

तरी एवढे ऐका. कूलर लावण्याआधी मागची जाळी उघडून पाहा. आत कोणाचे डोळे अजून उघडायचे असतील. आणि घरात कोणी बाळंतीण असेल, तर तिच्यासाठी काय चांगले हे सगळ्यांनी ठरवून झाल्यावर, एकदा तिला विचारा. तिने उत्तर देईपर्यंत तिथून उठू नका.