शेंडा वर राहू दे

चैत्रातलं ऊन पानमळ्यात शिरतं ते मवाळ होऊनच. बाहेरच्या शिवारात ते उद्दाम असतं, ढेकळं तापवतं, डोळे दिपवतं. पण मळ्याभोवतीच्या कुडाच्या आत, शेवरीच्या झाडांच्या उंच सडसडीत रांगांतून गळत गळत ते हिरवं होतं, शीतल होतं, ओल्या मातीवर अनवाणी उतरतं. माणसांनाही इथं तीच रीत. मळा म्हणजे नागवेलीचं देऊळ, तेव्हा चपला कुडापाशी काढायच्या.

कुडापाशी भीमगोंडाच्या चपला अजून होत्या.

दिवाळीच्या तोंडावर तो त्या काढून आत गेला होता. विहिरीवरच्या मोटरीला त्यानं ओल्या पायांनी हात लावला आणि वीज त्याला घेऊन गेली. धडधाकट माणूस, हाक मारायलाही उसंत मिळाली नाही. चपला तशाच राहिल्या, आणि त्या उचलायची घरात कुणाची छाती झाली नाही.

त्याची बायको कमळव्वा रोज त्या चपलांना वळसा घालून आत जायची. पाटाचं पाणी फिरवायची, आणि मग मान वर करून गाठी बघत बसायची. भीमगोंडा डावरा. वेल शेवरीला बांधताना लव्हाळ्याची ओली पात तो डाव्या अंगाला पिळायचा. साऱ्या शिवारात तसली गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती. बुंध्यापासून त्याचा हात पोचेल तिथवर, वीत वीत सोडून, शेवरीशेवरीवर त्या गाठी होत्या. सुकलेल्या, सोनपिवळ्या, करकचून बसलेल्या. माणूस मातीत गेला, आणि त्याची बोटं तेवढी झाडांवर राहिली.

आणि ह्या गाठी तोडल्यावाचून मळा जगणार नव्हता.

नागवेलीचं आयुष्यच तसलं. चढत चढत ती शेवरीच्या माथ्याला जाते, आणि मग दमते. पान बारीक होतं, पिवळं पडतं. उन्हाचा कहर व्हायच्या आत तिला सोडवून खाली घ्यायची, अंगाचं वेटोळं करून बुंध्याशी मातीत निजवायची, वर फक्त शेंडा ठेवायचा. पुरलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि म्हातारी वेल पोर होऊन पुन्हा चढू लागते. ह्याला म्हणायचं उतरण.

फाल्गुन सरला, उतरण झाली नाही. पाडवा गेला, उतरण झाली नाही. पळस फुलून झडले, आंब्यावर बाळकैऱ्यांचे घोस डोलू लागले, आणि मळ्यात हिरव्याचं पिवळं होत राहिलं.

धाकटा दीर शिवगोंडा मनानं वाईट नव्हता. कुडाबाहेर उभा राहून तो म्हणाला, "वैनी, वेल मरायला लागलीया. गडी लावतो म्हटलं, तर तेबी तुम्हाला नको. आता अमावस्या झाली की नांगर घालतो. ऊस लावू."

गाठी तोडाव्या तर तो दुसऱ्यांदा मरणार. न तोडाव्या तर त्यानं लेकरागत वाढवलेला मळा मरणार. इकडं आड आणि तिकडं विहीर.

दीर गेला, आणि ती वेलींच्या सरीत आडवी झाली. ओल्या मातीला तिनं गाल लावला. मातीनं आपल्यालाही घ्यावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं, नुसतं म्हणायला नव्हे. वर पर्णांचं हरित आभाळ होतं, आणि त्या आभाळातून पिवळं पान टपकत होतं, थांबत होतं, टपकत होतं. एक तिच्या हातावर पडलं. सवयीनं तिनं ते चुरगाळून हुंगलं.

पानाला वास नव्हता.

त्याच्या हातच्या वेलीचं पान, आणि त्याला वास नाही? सगळं सोसलं होतं, पण हे तिला सोसवेना. ती उठली आणि कमरेचा विळा काढला.

पहिली गाठ तुटली तेव्हा वाळकी पात कट्कन वाजली. मग गाठीमागून गाठ. वेल सुटत होती, अंगावर येत होती; गळ्यात, खांद्यांवर, दंडांवर, थंड, जड, सैल. दिवाळीपासून कुणी तिच्यावर असा भार टाकला नव्हता. ती ऊर फुटेस्तोवर रडली.

रडता रडताच तिनं खड्डा उकरला, वेटोळं ठेवलं, माती लोटली. हात आपले आपण चालत होते, पण ते उतरणीच्या रीतीनं चालत नव्हते. त्या हातांना आता एकच पुरणं ठाऊक होतं. भीमगोंडाला लिंगायत रीतीनं समाधीत बसवलं होतं. जंगमांनी भस्म लावलं, मूठ मूठ माती पडत गेली. गुडघे गेले, छाती गेली, आणि सगळ्यांत शेवटी ते भस्माचं कपाळ गेलं. तशीच तिनं वेल पुरली. पेरं गेली, पानं गेली, आणि सगळ्यांत शेवटी शेंडा गेला. वरची माती तिनं थोपटली आणि हात जोडले.

सासू गंगव्वा भाकरी घेऊन आली होती. पोटचा लेक गेल्यापासून म्हातारीनं कुडाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. भाकरी बाहेर ठेवायची आणि फिरायचं. पण आज रडणं ऐकू आलं. तिनं लेकाच्या चपलांशेजारी आपल्या चपला काढल्या आणि ती आत आली. बघते तर बोडकी शेवरी, आणि सुनेपुढं मातीचा थोपटलेला ढीग.

"काय केलंस ग हे?" म्हातारी म्हणाली. "शेंडा कुठाय?"

सुनेनं ढिगाकडं बोट केलं.

गंगव्वा ढिगाशी बसली. "अगं, माणूस पुरत्यात तशी वेल पुरत न्हाईत, पोरी." तिनं मातीला हात घातला. "माझ्या लेकाला मला वर ठेवता आलं न्हाई. हिला ठेव. शेंडा वर राहू दे."

दोघी बोटांनी माती उकरू लागल्या. भराभरा नव्हे, जपून, झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तशा. नखांत माती गेली. कुणी कुणाचे डोळे पुसले नाहीत. शेवटी तो सापडला: वाकलेला, चिखलानं माखलेला, पण न मोडलेला.

तो शेवरीला धरून ठेवायला कमळव्वानं तुटलेल्या गाठींतलीच एक पात उचलली. डाव्या पिळाची. ओढली, तर तिचे दोन तुकडे झाले. दुसरी उचलली, तीही तुटली. तुकडे तिनं बुंध्याशी ठेवले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ओली पात द्या."

म्हातारीनं पाटाच्या कडेचा लव्हाळा उपटून दिला. कमळव्वानं गाठ मारली. पीळ उजवा पडला. तिनं तो सोडून डावा केला नाही.

अमावस्या तोंडावर होती. गाठींनी गच्च भरलेल्या रांगा विळ्याची वाट बघत होत्या, आणि एकेक गाठ तोडताना तिला एकेकदा मरायचं होतं. हे तिला कळत होतं. तिनं विळा उचलला आणि दुसऱ्या शेवरीकडं गेली.

मागं ऊन कललं होतं. शेवरीच्या उघड्या बुंध्याशी, घोट्याएवढ्या उंचीवर, ओल्या गाठीच्या आधारानं एक शेंडा उभा होता. माखलेला, वाकडा, हिरवा.