कॉइलवर ठणठणीत, पेट्यांवर बंद

मित्रांनो, मी सोपानचा ॲम्प्लिफायर. माझं वय झालंय, आणि खरं सांगायचं तर आता मला या माणसांचा वैताग आलाय.

माझा जन्म कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यातला. माईकमधला बारीक आवाज मोठा करून स्पीकरच्या पेट्यांना पोचवायचा, हे माझं काम. पेट्या दोन होत्या तोवर माझं कौतुक होतं. सोपानच्या आई बनाबाई विहारात गायच्या, तेव्हा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. मग सोपानने हौसेने आणखी दोन पेट्या आणल्या आणि त्याही माझ्या त्याच तारांना शेजारी जोडल्या. चौघी एकदम माझ्याकडून वीज ओढू लागल्या. आवाज वाढला थोडासाच. बरीचशी ताकद मला तापवण्यातच वाया जाऊ लागली. गाणं रंगात आलं की मी बंद!

मग सोपान मला गाडीवर टाकून विश्वजीत मिस्त्रीकडे नेई. पेट्या जड, म्हणून त्या घरीच. मिस्त्री मला हिटरची कॉइल जोडून तपासायचा. कॉइल बिचारी एकटी आणि सरळ, देईन तेवढं मुकाट्याने घेते. पेट्या मात्र घेतलेल्यातलं थोडं माझ्याकडेच परत ढकलतात, आणि त्याची उष्णता मलाच सोसावी लागते. हे कुणाच्या डोक्यातच येईना.

"मशीन ठणठणीत हाय रं," मिस्त्री म्हणायचा. घरी आलो की पुन्हा तेच रडगाणं.

परवा बनाबाईंच्या नातीच्या नामकरणात मी भर कडव्यात बंद पडलो. बनाबाईंनी माईक खाली ठेवला. "माजाच आवाज मशीनला सोसंना झालाय. ह्यापुढं मी गायची न्हाई."

मला इतका संताप आला! पण सांगणार कसं? मी फक्त दुसऱ्याचा आवाज मोठा करतो.

जेवायला आलेल्या विश्वजीतने माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसताच मागे घेतला. मग त्याची नजर तारांवरून पेट्यांकडे गेली.

"सोपान, चार पेट्या कवा लावल्यास? सांगायचं न्हाई व्हय?"

"तू तरी कवा इचारलंस?"

घ्या! दोघंही खरे, आणि भाजलो मी.

विश्वजीतने दोन-दोन पेट्या एकीमागे एक अशा जोडल्या, म्हणजे त्या माझ्याकडून कमी वीज ओढतील, आणि मला गार होऊ दिलं. मग तो म्हणाला, "काकू, तुमचा आवाज चांगला हाय. जोडणी चुकली हुती. धरा माईक."

बनाबाईंनी तुटलेलं कडवं पुन्हा धरलं. मी शेवटपर्यंत नुसता कोमट राहिलो.

मित्रांनो, यंत्र दुरुस्तीला नेताना त्याला काय जोडलंय तेही सांगत जा. माझं काय, मला मिस्त्री आहे. बनाबाई कायमच्या गप्प झाल्या असत्या, तर त्यांना कुणाकडे नेलं असतं?